किळस, जुगुप्सा आणि विटाळ

इंग्रजीतला 'डिस्गस्ट' हा शब्द मुळात जिभेचा. लॅटिनमध्ये 'गुस्तुस' म्हणजे चव. ती नकोशी होणे, इथून तो निघाला. आमच्या शिरूर-दौंड भागात एवढ्यावर भागत नाही. रोज तीच भाजी आली की वीट येतो, ताटात केस निघाला की किळस येते, बैलाच्या जखमेत अळ्या दिसल्या की शिसारी. शिसारीत अंगावर काटा असतो. ती जिभेची नव्हे, कातडीची.

नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायी भाव जुगुप्सा. हा शब्द 'गुप्', म्हणजे राखणे, या धातूचा: स्वतःला राखण्याची इच्छा. राखायचे कुणापासून, हे धातू सांगत नाही, ते समाज ठरवतो. अळ्यांची किळस कुणालाही येईल. माणसाच्या सावलीची मात्र शिकवावी लागते, आणि तिला मराठीत वेगळे नाव आहे: विटाळ. बाळंतीण, पाळी, जात, सगळे त्यातच.

शिरूर आणि दौंड तालुक्यांना लागून वाहणारी भीमा पुढे पंढरपूरला जाते. त्याच खोऱ्यातल्या मंगळवेढ्याचे चोखोबा, आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई. चौदाव्या शतकातल्या या बाईंचा विटाळावर अभंग आहे. त्याचा रोख सरळ आहे: विटाळ देहाच्या उत्पत्तीतच आहे, मग त्याच्याशिवाय जन्मलेला देह कोणता? हा अभंग आपण भक्तिकाव्याच्या कप्प्यात ठेवून देतो. माझ्या मते त्याची जागा बीभत्स रसाच्या चर्चेत आहे. नाट्यशास्त्राने जुगुप्सेची लक्षणे सांगितली. सोयराबाईंनी ती बाळगणाऱ्यालाच जाब विचारला.