पाळीव सशाचे वाढलेले वजन: आहार कसा बदलावा?

घरात कुणाचे वजन वाढले की आपण पहिला सल्ला देतो, "थोडे कमी खा." सशाला हा सल्ला लावू नका. ससा १०-१२ तास काहीच खात नसेल, तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात वायू साचतो आणि जिवावर बेतू शकते. लठ्ठ सशाला धोका आणखी जास्त, कारण उपाशी राहिल्यावर अंगातली चरबी त्याच्या यकृतात साचू लागते. म्हणून सशाचे खाणे थांबवायचे नसते, बदलायचे असते.

वजन जास्त आहे हे कसे ओळखावे?

जातीनुसार सशांच्या वजनात खूप फरक असतो, त्यामुळे नुसत्या काट्यावरून अंदाज येत नाही. छातीच्या बाजूने हलका हात फिरवा. बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर चरबी जास्त आहे. मादीच्या हनुवटीखाली कातडीची घडी असते, ती नैसर्गिक आहे. पण ती फार मोठी झाली की तिला अंग चाटून साफ करता येत नाही. मादी गाभण नाही ना, याचीही आधी खात्री करा.

लठ्ठ सशाचे तोंड मागच्या भागापर्यंत पोहोचत नाही. ससा आपली मऊ विष्ठा पुन्हा खातो, त्याला ती लागतेच. ती शेपटीखाली चिकटून राहिली की माश्या बसतात आणि अळ्या पडतात. पावसाळ्यात ती जागा रोज बघा.

काय द्यावे?

आहाराचा मोठा भाग, साधारण ८० टक्के, वाळलेले गवत असावे आणि ते दिवसरात्र समोर असावे. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. कुटार म्हणजे गवत नव्हे. त्यात पोषण कमी आणि धूळ जास्त. लसूणघास लहान पिल्लांना ठीक, मोठ्या लठ्ठ सशाला नको. सोबत कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला रोज थोडा द्या. शेतातला पाला आणताना त्यावर फवारणी झालेली नाही ना, हे विचारूनच आणा.

आपल्या नरखेड तालुक्यात खरी अडचण संत्र्याची. आंबिया बहार, मग मृग बहार, घरात फळ असतेच आणि लेकरं एकेक फोड सशापुढे धरतात. फळातली साखर सशाच्या आतड्यातल्या जिवाणूंचे गणित बिघडवते. वजन उतरेपर्यंत संत्रे, केळी बंद. गाजराचे कंदही बंद, सिनेमातला ससा काहीही खावो. पोळी, पोहे, मुरमुरे, हरभरा, बिस्किटे तर कायमची बंद.

बाजारातला गोळी खुराक एकदम तोडू नका. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा आणि ससा गवत खातो आहे, लेंड्या नेहमीसारख्या मोठ्या व भरपूर पडताहेत, हे बघत राहा. आठवड्यातून एकदा टोपलीत बसवून वजन करा. आठवड्याला एक-दोन टक्के उतरले तरी पुरे: ३ किलोच्या सशाचे ३० ते ६० ग्रॅम. रोज तीन-चार तास पिंजऱ्याबाहेर मोकळे फिरू द्या. उन्हाळ्यात फक्त पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. लठ्ठ सशाला आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन सोसत नाही.

डॉक्टरकडे कधी?

खाणे किंवा लेंड्या थांबल्या, पोट टणक लागले, ससा दात खात कोपऱ्यात बसून राहिला, तर सकाळची वाट पाहू नका. मी माणसांचा डॉक्टर आहे, सशाला पशुवैद्यकच हवा. तालुक्यात सोय झाली नाही तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा.

घरातले उरलेले औषध मात्र देऊ नका. लहान मुलांना आम्ही सर्रास लिहून देतो ते अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास सशाचा जीव जाऊ शकतो.