चंद्राच्या पोटातली प्रजा

हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिंदुस्थानाबद्दल जे काही लिहून ठेवलं, त्यात मुंग्यांची हकिगत सगळ्यांत बेफाम आहे. वाळवंटातल्या या मुंग्या म्हणे कोल्ह्याहून मोठ्या आणि कुत्र्याहून लहान. त्या बिळं खणतात, वर येणाऱ्या वाळूत सोनं असतं आणि आसपासचे लोक उंटांवर बसून ते पळवायला येतात. येतात ते नेमके भर उन्हात, कारण त्या वेळी मुंग्या उकाड्याने जमिनीखाली गेलेल्या असतात. आपल्याकडे सभापर्वात दुर्योधन धृतराष्ट्रापुढे पांडवांच्या वैभवाची जळफळत यादी वाचतो, तिच्यातही उत्तरेच्या डोंगराळ लोकांनी आणलेलं, मुंग्यांनी उकरलेलं ‘पिपीलिक’ सोनं आहे. मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशाने 1984 साली पुस्तक लिहून या मुंग्यांचा उलगडा मांडला: देवसाईच्या पठारावर बिळं करणारे मार्मोट आणि त्यांनी उपसलेली सोनेरी माती. उलगडा पटण्याजोगा आहे. पण मला त्या कथेत सोन्यापेक्षा उन्हाची वेळ महत्त्वाची वाटते. हे प्राणी जमिनीखाली का जातात, याचं कारण सांगणाऱ्याने दिलं आहे.

जमिनीखाली राहणारी, किड्यामुंग्यांसारखी दिसणारी माणसं कल्पनेत पुढे पुष्कळ झाली. ती खरी वाटतात की नुसती भीती घालतात, हे बहुतेक वेळा ती जमिनीखाली का राहतात, या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

ग्रीकांकडे मुंग्यांपासून झालेली माणसंही होती. एजिना बेटावर रोगराईने माणसं संपली, तेव्हा तिथल्या राजाच्या प्रार्थनेवरून झ्यूसने ओकच्या झाडावरच्या मुंग्यांना माणसं केलं. तेच अकिलीसचे मर्मिडन सैनिक. कष्टाळू, काटकसरी, शिस्तीचे. कीटक म्हणजे आयती शिस्तबद्ध फौज, ही समजूत तेव्हापासूनची. जीवशास्त्र त्यात शून्य.

ते आणलं केप्लरने. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा शोधणाऱ्या या माणसाने चंद्रप्रवासाचं ‘सोम्नियम’ हे पुस्तक लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1634 साली मुलाने छापलं. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. मग तिथे कोण जगेल? केप्लरचं उत्तर सरळ हिशेबातून येतं. उन्हाने भाजायचं नाही आणि थंडीने गोठायचं नाही, तर गुहा आणि बिळं हवीत. त्याचे चंद्रवासी अवाढव्य, अल्पायुषी आणि बरेचसे सर्पासारखे आहेत, कीटकांसारखे नाहीत. पण ते तिथल्या हवामानातून घडलेले आहेत. देवाने, शापाने किंवा चेटकाने नव्हे. डार्विनच्या सव्वादोनशे वर्षं आधी हे लिहिणं म्हणजे थोडाथोडका उद्योग नव्हे.

केप्लरच्या बिळात कीटक शिरायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं, कारण तोवर कीटकांच्या वसाहतीत नेमकं काय चालतं हेच नीट ठाऊक नव्हतं. पोळ्याचा राजा हा राजा नसून राणी आहे, हे सतराव्या शतकात इंग्लंडच्या चार्ल्स बटलरने ठासून मांडलं आणि नेदरलँड्सच्या स्वामरडामने चिरफाड करून तिच्यातले अंडकोश दाखवले. जॉन लबक या इंग्रज बँकरने घरात काचांच्या फटीत मुंग्या पाळल्या, त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन कोण कुठे जातं ते टिपलं आणि 1882 साली पुस्तक काढलं. त्याच वर्षी अमेरिकेत हेन्री मकूक यांचं मधाच्या मुंग्यांवरचं पुस्तक आलं. या मुंग्यांतल्या काही कामकरणींचं पोट मधाने द्राक्षाएवढं फुगतं, आणि त्या जन्मभर बिळाच्या छताला लटकून साऱ्या वसाहतीचं कोठार होऊन राहतात. शरीर म्हणजेच नोकरी, हा विचार मुंग्यांनी असा आयता पुरवला.

एच. जी. वेल्सला तो उचलायला योग्य शिक्षणही मिळालं होतं. 1884 साली तो लंडनला टी. एच. हक्सलेच्या वर्गात जीवशास्त्र शिकला आणि 1893 मध्ये त्याने त्याच विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. दुसरं शिक्षण घरचं. त्याची आई ससेक्समधल्या अपपार्क या जमीनदारी वाड्यात नोकरांवर देखरेख करायची. त्या वाड्याचं स्वयंपाकघर आणि तबेले भुयारांनी जोडलेले होते. नोकरमाणसं खालून ये-जा करत, मालकांच्या नजरेला पडत नसत. ‘फर्स्ट मेन इन द मून’ 1901 साली पुस्तकरूपाने आलं, तेव्हा या दोन्ही शाळा त्यात उतरल्या.

वेल्सचा चंद्र आतून पोखरलेला आहे. रात्री बाहेरची हवा गोठून बर्फ होते, सूर्य उगवताच ती वितळते, झाडं डोळ्यांदेखत वाढतात आणि चौदा दिवसांत बी धरून मरतात. त्या उन्हाळ्यात आतले लोक आपली अजस्र, गोगलगायीसारखी संथ गुरं चरायला वर आणतात. रात्र पडायच्या आत पुन्हा खाली, झाकणं बंद. पोटात निळसर उजेडाचे प्रवाह, बुरशांची रानं आणि सगळ्यांत खोल समुद्र. केप्लरचं ऋण वेल्स लपवत नाही. चंद्रावर पोचलेला शास्त्रज्ञ केव्हर त्याचं नाव घेतो.

पुस्तकातली एक गोष्ट वाचून मी थबकलो. केव्हर सांगतो की चंद्राची एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असल्यामुळे आतल्या बोगद्यांतून हवा सतत वाहत राहते, आणि दिवसा ती विवरांतून वर चढते. 2015 साली दक्षिण भारतातल्या वाळवीच्या वारुळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निघालेलं तत्त्व याचंच भावंड आहे: दिवसा वारुळाचा बाहेरचा भाग तापतो, रात्री निवतो, आणि या चढउताराने आतली हवा फिरून कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (कोकणात आणि गोव्यात वारुळात सातेरी देवी नांदते. पावसाळ्यात वाळवीने आत पोसलेल्या बुरशीची अळंबी वर येतात, ती मात्र देवीला हात जोडून खाल्ली जातात. वेल्सची माणसं चंद्रावरची बुरशी खातात आणि झिंगून चंद्र इंग्लंडला जोडायच्या गप्पा मारू लागतात.)

त्याच्या चंद्रवासीयांची शरीरंही त्या जागेला धरूनच आहेत. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. त्यामुळे हातपाय काडीसारखे चालतात, आणि पृथ्वीच्या माणसाचा एक ठोसा लागला की शरीर फुटून जातं. पृथ्वीवर असा माणसाएवढा किडा उभाच राहू शकला नसता. आकार दुप्पट झाला की वजन आठपट होतं, पायांच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटीवर अडतं; शिवाय कीटक फुप्फुसांनी नव्हे, अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांनी श्वास घेतात, आणि मोठ्या देहात तो पुरवठा अपुरा पडतो.

मग कामांची वाटणी. काच फुंकणारे म्हणजे निव्वळ भाते झालेली फुप्फुसं. निरोप्यांना लांबलचक पाय. विद्वानांचा मेंदू इतका सुजलेला, की त्यांना टबात घालून उचलून न्यावं लागतं. काम नसलेल्या मजुरांना औषध देऊन निजवून ठेवतात, गरज लागली की उठवतात. यंत्रावर काम करायला नेमलेली पोरं बरणीत कोंबून वाढवलेली, हात तेवढे बाहेर. केव्हरला आधी शिसारी येते आणि मग तो कबूल करतो, की मुलांना आधी माणूस होऊ द्यायचं आणि नंतर त्यांचं यंत्र करायचं, या आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा हे जास्त दयाळू असावं. इथे अपपार्कच्या भुयारातला मुलगा बोलतो.

एका ठिकाणी मात्र वेल्स मुंग्यांपासून फारकत घेतो. त्याच्या चंद्रावर बहुसंख्य प्रजा नपुंसक आहे, मोजक्या माता आहेत. पण सत्ता त्यांच्याकडे नाही. सर्वांत वर बसला आहे तो महाकाय मेंदू, ज्याच्यावर सेवक थंडावा फवारतात. खऱ्या वारुळात असं कुणी नसतं. राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही. वाळवी वारूळ कसं बांधते यावर फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ग्रासे यांनी 1959 मध्ये मांडलं, की आधी झालेलं बांधकामच पुढच्या कामकऱ्याला काय करायचं ते सुचवतं. मुकादमाची गरज पडत नाही. वेल्सला व्यवस्था दाखवायची होती, आणि त्याच्या मते व्यवस्थेला डोकं लागतंच. राजकारण जीवशास्त्रावर मात करून गेलं.

यानंतरची वंशावळ भराभर उरकता येते. मेलिएसने 1902 मध्ये पॅरिसजवळ ‘चंद्रावरची सफर’ चित्रपट केला. त्यात डोंबाऱ्यांनी साकारलेले चंद्रवासी छत्रीच्या फटक्याने धूर होऊन उडतात. वेल्समध्ये त्या ठिसूळपणाला कारण होतं, इथे ती रंगमंचाची करामत झाली. हाइनलाइनने 1959 साली ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये भुयारी कीटकांना राणी, मेंदू, सैनिक आणि कामकरी दिले आणि शीतयुद्धातल्या शत्रूचा मुखवटा चढवला. फ्रँक हर्बर्टच्या 1973 च्या कादंबरीत तर ओरेगॉनच्या जमिनीखाली माणसंच वारूळ करून राहतात. यांतल्या बहुतेकांना जमिनीखाली राहायचं कारण एकच: वरच्यांना दचकवणं. हर्बर्ट थोडा वेगळा, पण फार नाही.

केप्लरची पद्धत पुन्हा चालवली ती एका खऱ्या जीवशास्त्रज्ञाने. मुंग्यावाळवीसारखी वसाहत सस्तन प्राण्यांत का नाही, असा प्रश्न अमेरिकेचे रिचर्ड अलेक्झांडर 1970 च्या दशकात व्याख्यानांतून मांडत. असा प्राणी असलाच तर कसा असेल, तेही ते सांगत: उष्ण प्रदेशातला, कडक मातीत बिळं करणारा, मोठ्या कंदांवर जगणारा. 1976 साली ॲरिझोनातल्या एका श्रोत्याने सांगितलं, की हे वर्णन पूर्व आफ्रिकेच्या नेकेड मोल रॅटशी जुळतं. प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर जार्विस या प्राण्याचा आधीपासूनच अभ्यास करत होत्या. 1981 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की वसाहतीत पिलं देणारी मादी एकच, बाकीचे कामकरी.

अंगावर केस जवळजवळ नाहीत, दात ओठांच्या बाहेर, म्हणजे खणताना तोंडात माती जात नाही. वसाहत साधारण सत्तर-ऐंशी जणांची, क्वचित तीनशेच्या घरात. एखादी मादी राणी झाली की तिच्या कमरेचे मणके वाढून ती लांब होते. वेल्सने बरणीत कोंबून करवून घेतलं ते इथे पदावर बसल्यावर शरीर आपलं आपण करतं. पद रिकामं झालं की मात्र निवड वगैरे होत नाही. माद्या एकमेकींवर तुटून पडतात, आणि त्यांतल्या काही मरतात.