क्रिकेट कार्डांचा संग्रह : चाहत्याच्या पेटीतला संघ

मुकुटबन (प्रतिनिधी) : च्युइंगमच्या वेष्टनातून निघालेले क्रिकेटपटूचे इवलेसे चित्र, त्यासाठी मधल्या सुट्टीत मित्राशी केलेली अदलाबदल आणि दप्तराच्या कप्प्यात जपलेली गड्डी ही १९८० व १९९०च्या दशकांत शाळेत असलेल्या पिढीची सामाईक आठवण आहे. त्यातील बहुतेक कार्डे जुन्या वह्यांबरोबर रद्दीत गेली. जी उरली, त्यांना आज संग्राहकांच्या जगात मोल आले आहे. हे मोल केवळ पैशाचे नाही. आपल्या आवडत्या संघात कोणकोण खेळले, ते दिसत कसे होते आणि त्यांची नावे काय होती, याचा पुरावा कित्येकदा अशा कागदाच्या तुकड्यावरच उरतो. या छंदाचा इतिहास, त्यातील प्रकार, अस्सलतेच्या खुणा आणि जतनाचे नियम यांची ही माहिती.

पुठ्ठ्याच्या तुकड्यातून छंद

खेळाडूंच्या कार्डांचा जन्म तंबाखूच्या व्यापारात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत. ती चेपू नयेत म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालण्यात येई. या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले तर जाहिरातही होईल आणि मालिका पूर्ण करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागेल, हे उत्पादकांनी हेरले. अमेरिकेतील ‘अ‍ॅलन अँड जिंटर’ कंपनीने १८८७च्या सुमारास काढलेल्या पन्नास कार्डांच्या मालिकेत दहा बेसबॉलपटू होते. इंग्लंडमध्ये ‘विल्स’ने १८९६मध्ये पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. पुढे ‘प्लेअर्स’ने १९३० आणि १९३४मध्ये क्रिकेटपटूंच्या मालिका बाजारात आणल्या. कार्डे चिकटवण्यासाठी त्या काळी एका पेनीत वही मिळे. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४०मध्ये ब्रिटनमधील ही प्रथा थांबली.

युद्धानंतर तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. अमेरिकेत ‘टॉप्स’ कंपनीची १९५२ची बेसबॉल मालिका या नव्या पर्वाची खूण मानली जाते. आज सर्वत्र रूढ असलेला अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच हा आकार मागाहून, १९५७पासून स्थिरावला. जुने सिगारेट कार्ड याहून बरेच लहान, साधारण ६८ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद असे.

या छंदाला शिस्त लावण्याचे श्रेय जेफरसन बर्डिक या अमेरिकी संग्राहकाकडे जाते. संधिवाताने जखडलेल्या या माणसाने कार्डांची सूची तयार केली आणि तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला. संग्रहालयात बसून तो वह्यांमध्ये लावण्याचे काम ते १९६३च्या आरंभापर्यंत करीत राहिले. काम संपले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ‘टी-२०६’ यासारखे जे क्रमांक लिलावांच्या बातम्यांत वाचायला मिळतात, ते बर्डिक यांच्या सूचीतलेच आहेत.

संघाचे कार्ड वेगळे का?

एकेका खेळाडूच्या कार्डाबरोबरच संपूर्ण संघाचे छायाचित्र असलेली कार्डेही निघत. सिगारेटच्या ‘फातिमा’ या नाममुद्रेने १९१३मध्ये अमेरिकेतील दोन्ही प्रमुख बेसबॉल लीगच्या सोळा संघांची सोळा कार्डे काढली. बर्डिक यांच्या सूचीत ती ‘टी-२००’ या क्रमांकाने नोंदलेली आहेत. एखाद्या संघाचा निष्ठावान चाहता अशा कार्डाला अधिक जपतो. खेळाडूचे स्वतंत्र कार्ड निघते ते प्रसिद्धी मिळालेल्याचे. संघाच्या कार्डावर मात्र तारांकित फलंदाजाच्या शेजारी राखीव यष्टिरक्षकही उभा असतो. ज्याचे स्वतंत्र चित्र कधी निघालेच नाही, अशा खेळाडूचा चेहरा सापडण्याची शक्यता तेथेच अधिक.

भारतीय क्रिकेटमध्ये हा फरक ठळकपणे दिसतो. रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी यांची चित्रे इंग्लिश सिगारेट कार्डांवर झळकली, कारण दोघेही ससेक्स व इंग्लंडकडून खेळत. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचा आधारस्तंभ होते डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू. दलित समाजातून आलेल्या या खेळाडूने त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्या दौऱ्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येते ते संघाचे सामूहिक छायाचित्रच.

दुसरे उदाहरण १९३२चे. भारताने आपला पहिला कसोटी सामना २५ जून १९३२पासून लॉर्ड्सवर खेळला. कर्णधार होते नागपुरात जन्मलेले सी. के. नायुडू. त्या सामन्यात भारताच्या वतीने पहिला चेंडू खेळणारे जनार्दन नवले पुणे जिल्ह्यातील फुलगावचे. नायुडूंचा चेहरा अनेकांना ओळखता येईल, परंतु संघाच्या छायाचित्रात नवले कोणते, हे बहुतेकांना खालची नावे वाचल्याखेरीज सांगता येणार नाही. चित्राखाली नावे नसती तर?

भारतीय चाहत्याच्या वाट्याला आलेले

आपल्याकडे कार्डांची परंपरा अमेरिकेइतकी सलग नाही, परंतु संग्रहाला साहित्य कमी नाही. ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांनी एका पिढीला वेड लावले. पाठोपाठ खेळाडूंच्या आकडेवारीवर खेळायची ‘ट्रम्प कार्डे’ घरोघर आली. इंग्लंडमधील १९९९च्या विश्वचषकाच्या वेळी ‘ब्रिटानिया’च्या योजनेमुळे बिस्किटांची वेष्टने जमवण्याची लाट आली होती. आयपीएल सुरू झाल्यावर ‘टॉप्स’ने ‘क्रिकेट अटॅक्स’ ही कार्डे भारतात आणली आणि फ्रँचायझी संघांच्या रंगीत गड्ड्या मुलांच्या हाती आल्या.

कार्डांच्या जोडीला टपाल तिकिटे, सामन्यांची प्रवेशपत्रे, धावफलक आणि नियतकालिकांतील चित्रे येतात. ‘स्पोर्टस्टार’ची भित्तिचित्रे तसेच संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’चे अंक अनेक मराठी घरांत जपून ठेवले गेले. टपाल खात्याने १९७१च्या परदेशातील मालिका विजयांनिमित्त त्याच वर्षी वीस पैशांचे तिकीट काढले. नायुडू, दि. ब. देवधर, विनू मंकड आणि विजय मर्चंट यांची तिकिटे १९९६मध्ये निघाली. सचिन तेंडुलकरच्या निवृत्तीच्या कसोटीवेळी, नोव्हेंबर २०१३मध्ये, त्याच्यावरील दोन तिकिटे प्रसिद्ध झाली. ही तिकिटे जमवणे नवोदिताला तुलनेने सोपे आणि परवडणारे आहे.

एका चाहत्याचा छंद कोठवर जाऊ शकतो, हे पुण्यातील सहकारनगरमध्ये पाहता येते. तेथील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय रोहन पाटे यांच्या वैयक्तिक संग्रहातून उभे राहिले. त्याचे उद्‌घाटन २०१२मध्ये सचिनच्या हस्ते झाले.

विदर्भाचा संग्रह कसा उभारावा?

आयपीएलच्या संघाचा चाहता तयार गड्डी विकत घेऊ शकतो. रणजी संघाच्या चाहत्याला ती सोय सहसा नसते, त्याला आपला संग्रह स्वतःच घडवावा लागतो. संग्रहवस्तूंचा मोठा बाजार मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे भरतो. झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन किंवा शेजारच्या वणी परिसरातील चाहत्यासाठी ही ठिकाणे फार दूरची. नागपुरात सीताबर्डी परिसरातील जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि ओळखीच्या घरांतील माळे हेच त्याचे पहिले आधार.

संग्रहाची आखणी हंगामवार करावी. मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ रणजी स्पर्धेच्या आरंभकाळात, १९३४-३५मध्ये होता. विदर्भाचा संघ स्वतंत्रपणे १९५७-५८पासून खेळू लागला. पहिले विजेतेपद त्यानंतर साठ वर्षांनी आले. फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून हरवले, तो दिवस १ जानेवारी २०१८चा. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक साधली होती. पुढच्याच हंगामात सौराष्ट्राला आणि २०२४-२५मध्ये केरळला मागे टाकून आणखी दोन विजेतेपदे मिळाली. या तीन हंगामांची छायाचित्रे व कात्रणे मिळवणे कठीण नाही. खरे कष्ट आहेत ते आधीच्या साठ वर्षांसाठी.

प्रत्येक हंगामासाठी संघाचे एक सामूहिक छायाचित्र, एक धावफलक, शक्य असल्यास एक प्रवेशपत्र व एक स्वाक्षरी एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. नागपुरात झालेल्या मोठ्या सामन्यांचा उपविभाग करता येईल. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक केली आणि सुनील गावसकरने एकदिवसीय क्रिकेटमधील आपले एकमेव शतक झळकावले, तो सामना नागपूरचाच. त्या दिवसाचे प्रवेशपत्र कोणाच्या घरी सापडले, तर ते कोणत्याही छापील कार्डाच्या तोडीचे आहे.

जुन्या छायाचित्रावरून घरी कार्ड तयार केल्यास मागील बाजूस ‘स्वनिर्मित प्रत’ असे वर्षासह लिहावे. असे न केल्यास वीस-पंचवीस वर्षांनी तीच प्रत अस्सल म्हणून विकली जाते. छायाचित्राचे हक्क छायाचित्रकाराचे किंवा प्रकाशकाचे असू शकतात. त्यामुळे अशा प्रती परवानगीशिवाय विकू नयेत.

अस्सल की नक्कल?

जुन्या कार्डांच्या नव्या प्रती बाजारात भरपूर आहेत. पारखण्याच्या काही साध्या कसोट्या आहेत. पहिली आकाराची : मूळ मालिकेचे माप ठाऊक असावे आणि ते पट्टीने तपासावे. दुसरी छपाईची : नव्या प्रतीत मूळ कार्डावरील अक्षरांच्या कडाही भिंगाखाली रंगीत ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात, मूळ छपाईत त्या बहुधा सलग असतात. तिसरी कागदाची : कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालण्यात येणारी रसायने साधारण १९५०नंतर प्रचारात आली. असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो. १९३४चे म्हणून दाखवलेले कार्ड तसे चमकले, तर ते घेऊ नये. चौथी वयाची : पुढची बाजू पिवळी आणि मागची कोरीकरकरीत असेल, तर चहाच्या पाण्याचा प्रयोग झाला असण्याचा संभव असतो.

ऊन, ओल आणि धूळ

विदर्भात कार्डाचे तीन शत्रू आहेत : उन्हाळ्यातील प्रखर ऊन, पावसाळ्यातील दमट हवा व वाळवी, आणि धूळ. वणी-मुकुटबन भागात कोळसा व चुनखडीची वाहतूक मोठी. तेथे उघड्या कपाटात ठेवलेल्या कागदावर थर बसायला वेळ लागत नाही. संग्रह झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावे. पीव्हीसीची स्वस्त पाकिटे काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. रबर बँड, डिंक, चिकटपट्टी व टाचण्या वर्ज्य समजाव्यात. वृत्तपत्राचा कागद आम्लयुक्त असल्याने कात्रण कार्डाला लागून ठेवू नये, त्याची छायाप्रत काढून ती ठेवावी. सर्वांत मोठी चूक म्हणजे लॅमिनेशन. जपण्याच्या भावनेनेच ते केले जाते, परंतु उष्णतेने चिकटलेला तो थर कार्डाला इजा केल्याशिवाय निघत नाही आणि संग्राहकाच्या लेखी कार्डाचे मूल्य तेथेच संपते.

किमतीचे गणित

अमेरिकेत ‘टी-२०६’ मालिकेतील होनस वॅग्नरचे कार्ड २०२२मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेले. त्याच वर्षी ‘टॉप्स’च्या १९५२च्या मालिकेतील मिकी मँटलच्या एका कार्डाला एक कोटी २६ लाख डॉलर मिळाले. या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. दुर्मीळता, अवस्था आणि मागणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच अशी किंमत येते. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यभागी असणे यांवरून एक ते दहा असे गुण देणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. एका गुणाच्या फरकाने भाव कित्येक पट बदलतो. आपल्याकडे जुन्या च्युइंगम कार्डांना असा सुस्थिर बाजार नाही. म्हणून गुंतवणूक म्हणून नव्हे, आवड म्हणूनच या छंदात पडावे. दूरस्थ विक्रेत्याकडून घेताना कार्डाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत आणि पैसे परत मिळण्याची अट आधी लेखी घ्यावी.

नावे लिहून ठेवा

अनेक क्लबांच्या आणि शाळांच्या भिंतींवर संघांची जुनी छायाचित्रे टांगलेली असतात. त्यांतील कित्येकांखाली नावे नसतात, किंवा फक्त कर्णधाराचे असते. ही उणीव पैशाने भरून निघणारी नाही. विदर्भाच्या १९५७-५८च्या पहिल्या हंगामात विशीत असलेला खेळाडू आज नव्वदीच्या घरात आहे. त्या चेहऱ्यांना ओळखणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. संग्राहकाने छायाचित्राची प्रत घेऊन अशा जुन्या खेळाडूंकडे, पंचांकडे, धावलेखकांकडे जावे. उभे असलेले डावीकडून, बसलेले डावीकडून, अशी ओळीने नावे विचारावीत. ती मूळ चित्रावर न लिहिता सोबतच्या स्वतंत्र कागदावर, तारीख आणि सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवावीत. संशय असेल तेथे प्रश्नचिन्ह टाकावे. हे काम वणी-मुकुटबनच्या एखाद्या शाळेच्या संघापासूनही सुरू करता येईल. त्यासाठी लागते ती एक वही, एक पेन्सिल आणि एखाद्या वृद्ध खेळाडूजवळ तासभर बसण्याची तयारी.