छापा क्रूगरचा, काटा हरणाचा

दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीने २०१७ साली चांदीचा क्रूगररँड प्रथमच काढला. सोन्याच्या क्रूगररँडला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम वजन, ९९९ शुद्धता, एका बाजूस दाढीधारी पॉल क्रूगर, दुसऱ्या बाजूस डौलाने पाऊल टाकणारे स्प्रिंगबॉक हरीण. दर्शनी किंमत एक रँड आहे, परंतु ती केवळ नावापुरती. खरेदी-विक्री होते ती त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने. त्या वर्षीच्या साध्या आवृत्तीला दहा लाख नगांची मर्यादा होती. पुढच्या वर्षापासून मात्र हे नाणे नेहमीचे बुलियन म्हणून, मागणी असेल तितके निघू लागले.

वन्यप्राण्यांची चित्रे असलेली अशी चांदीची नाणी आज अनेक देश काढतात आणि जगभरचे संग्राहक ती हौसेने जमवतात. आम्हांस त्यांच्या भावात रस नाही. आम्हांस रस आहे तो नाणे नावाच्या अतिशय आटोपशीर सरकारी मजकुरात. या मजकुराची एक अडचण अशी, की त्याची दोन पाने एकाच वेळी वाचता येत नाहीत. छापा पाहावा तर काटा दडतो. क्रूगररँडच्या बाबतीत ही अडचण निव्वळ भौतिक नाही, हे आम्हांस पुढे दाखवावयाचे आहे.

प्रथम छापा. क्रूगर हा ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाचा १८८३पासूनचा अध्यक्ष. क्रूगररँडवरील त्याची मुद्रा ओटो शुल्ट्झ या जर्मन कारागिराने १८९२ सालच्या नाण्यांसाठी घडविलेली आहे. प्रिटोरियाची टांकसाळ तेव्हा सिद्ध झाली नव्हती, म्हणून ही नाणी बर्लिनमध्ये पाडण्यात आली. ती आली आणि गहजब झाला. बोअर लोकांच्या स्थलांतराचे प्रतीक म्हणून मागच्या बाजूस त्यांचा बैलगाडा कोरलेला होता. पण त्यांच्या गाड्याला एकच दांडी असे आणि तिच्या दोन्ही अंगांस बैल जुंपले जात. बर्लिनच्या कारागिराने आपल्याकडील गाडी डोळ्यांसमोर ठेवून दोन दांड्या काढल्या, टांग्याला असतात तशा. चाकेही पुढची-मागची सारखीच. भरीस भर म्हणजे मुद्रेखाली शुल्ट्झने आपली आद्याक्षरे कोरली होती : ओ. एस. आफ्रिकान्स भाषेत ‘ओस’ म्हणजे बैल. अध्यक्षांच्या चित्राखाली ‘बैल’ असे लिहिलेले पाहून विरोधकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. निवडणूक तोंडावर होती. ठसे दुरुस्त करावे लागले आणि १८९३ची ती निवडणूक क्रूगर थोडक्या मतांनी जिंकला. चिन्हांचे वाचन हा केवळ विद्यापीठीय उद्योग आहे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

मराठी वाचकाला हा क्रूगर अगदीच परका नाही. १८९३ साली प्रिटोरियास गेलेल्या गांधींना ज्या घरासमोरच्या पायवाटेवरून पहारेकऱ्याने लाथ मारून रस्त्यावर ढकलले, ते घर याच अध्यक्षाचे. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये तो प्रसंग आला आहे. पायवाटेवरून चालण्यास हिंदी माणसाला मज्जाव करणारे कायदे त्याच प्रजासत्ताकाचे होते.

आता काटा. स्प्रिंगबॉक हे आपल्या काळविटाच्या व चिंकाऱ्याच्या कुळातले हरीण. दालचिनी रंगाची पाठ, पांढरे पोट आणि दोहोंमध्ये गडद तपकिरी पट्टा. चारही पाय ताठ ठेवून, पाठीची कमान करून ते जागच्या जागी उंच उसळ्या घेते. नावातला ‘स्प्रिंग’ तोच. एकोणिसाव्या शतकात कारूच्या शुष्क पठारावरून या हरणांचे प्रचंड कळप स्थलांतर करीत. बोअर शेतकरी त्यांना ‘ट्रेकबोके’ म्हणत. कळप निघाला की वाटेतले गवत आणि पीक नाहीसे होई, आणि बंदुका घेऊन माणसे त्याच्यावर तुटून पडत. ‘द स्टोरी ऑफ ॲन आफ्रिकन फार्म’ (१८८३) या कादंबरीमुळे ऑलिव्ह श्रायनर आपल्या अभ्यासक्रमांतून अधूनमधून भेटते. तिचे पती क्रॉनराइट हे शेतकरी होते. लग्नानंतर त्यांनी पत्नीचे आडनाव आपल्या आडनावास जोडले, हेही त्या काळी विशेषच. या स्थलांतरांवर त्यांनी १९२५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. पण ते निघेपर्यंत विषयच इतिहासजमा झाला होता. १८९६च्या सुमारास शेवटचे मोठे कळप दिसले. त्यानंतर तारांची कुंपणे, बंदुका आणि बुळकांड्या रोगाची साथ यांनी काम संपविले. प्राणी उरला, त्याचे भटकणे संपले.

आणि नेमके याच काळात त्याचे चिन्ह होऊ लागले. १९०६ साली ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या रग्बी संघाने ‘स्प्रिंगबॉक’ हे नाव घेतले. संघ अर्थातच केवळ गोऱ्यांचा. नाण्यावर हे हरीण आले ते शिल्पकार कूर्ट स्टाइनबर्ग यांच्या हातून, १९४७ साली, ब्रिटिश राजघराण्याच्या भेटीनिमित्त काढलेल्या पाच शिलिंगच्या चांदीच्या नाण्यावर. चित्र उत्तम आहे, यात शंका नाही. मोकळ्या माळावर एकटे हरीण, आणि माणसाची खूण कोठेही नाही.

या नाण्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९४६मध्ये, विट्वॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतील साठ हजारांवर कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला होता. मागणी होती दिवसाला दहा शिलिंग मजुरीची. म्हणजे स्टाइनबर्ग यांच्या हिशेबाने दोन हरणे. पोलिसांनी संप मोडून काढला, माणसे मारली गेली आणि मागणी मान्य झाली नाही. (त्याच वर्षी हिंदुस्थानने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, असे करणारा तो पहिला देश.) राजभेटीचे नाणे आणि मोडलेला संप यांचा थेट कार्यकारणभाव आम्ही जोडत नाही. मात्र रिकामा माळ हा त्या काळच्या कलेतला निष्पाप विषय नव्हता, एवढे म्हणणे भाग आहे. भूमी निर्मनुष्य होती, आम्ही आलो तेव्हा येथे फक्त हरणे होती, ही वसाहतवादाची आवडती कथा. गोऱ्या लेखकांच्या निसर्गवर्णनांतून ती शब्दांत येते, तशी येथे चांदीत आली.

३ जुलै १९६७ रोजी पहिला सोन्याचा क्रूगररँड पडला तेव्हा शुल्ट्झचा क्रूगर आणि स्टाइनबर्गचे हरीण एकत्र आले. एक औंस शुद्ध सोने, सामान्य खरेदीदाराच्या मुठीत मावेल असे. दर्शनी किंमत मुद्दामच नाही. कल्पना कमालीची यशस्वी ठरली. अमेरिकनांना खाजगीत सोने बाळगण्यास असलेली बंदी १९७४च्या अखेरीस उठली आणि १९८०च्या सुमारास जगातील सुवर्णनाण्यांच्या बाजारापैकी नव्वद टक्के क्रूगररँडच्या हाती होता. त्याच सुमारास या सोन्यामागच्या मजुरीचा हिशेब फ्रान्सिस विल्सन यांनी आपल्या १९७२च्या ग्रंथात मांडला होता. महागाई वजा करता कृष्णवर्णीय खाणकामगाराची १९६९ची मजुरी १९११च्या मजुरीहून जास्त नव्हती. अठ्ठावन्न वर्षे! मोझांबिकातून, लेसोथोतून आलेले हे कामगार बायकामुलांना मागे ठेवून खाणमालकांच्या कुंपणबंद वसतिगृहांत राहत. सप्टेंबर १९८६मध्ये किनरॉस खाणीतील आगीत १७७ माणसे गुदमरून मेली.

तोवर नाण्याचा दुसरा अर्थ जगाने वाचावयास घेतला होता. दुकानांसमोर निदर्शने झाली. ऑक्टोबर १९८५मध्ये अमेरिकेने क्रूगररँडची आयात थांबविली, पुढच्या वर्षी युरोपीय समुदायाने. रिकाम्या झालेल्या बाजारात कॅनडाचे मेपलचे पान आधीपासून होतेच. १९८६मध्ये अमेरिकेचा गरुड आला. चीनचा पांडा १९८२पासून सोन्यात आणि १९८३पासून चांदीत निघत होता, तर १९९०मध्ये ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा पक्षी चांदीवर उतरला. २०११ ते २०१३ या काळात कॅनडाने लांडगा, अस्वल वगैरे सहा प्राण्यांची चांदीची मालिकाच काढली. संग्राहकांच्या पेट्यांतील हे प्राणिसंग्रहालय केवळ निसर्गप्रेमातून भरले असे मानणे भोळेपणाचे होईल. एका हरणाने रिकामी केलेली जागाही त्यामागे आहे. प्राण्याच्या चित्राला राजकारण नसते, असा समज विक्रेत्याला सोयीचा असतो. क्रूगररँडच्या खरेदीदारांनीही अनेक वर्षे तोच सांभाळला.

१९९४नंतर सत्ता बदलली. २४ जून १९९५ रोजी नेल्सन मंडेला स्प्रिंगबॉकचा सदरा घालून रग्बी विश्वचषकाच्या मैदानात आले आणि ते हरीण, निदान त्या दिवसापुरते, सर्वांचे झाले. चिन्ह नाकारण्याऐवजी ते ताब्यात घेण्याची ही कृती आम्हांस आजही विलक्षण वाटते. पण मंडेलांनी सदरा अंगावर घातला होता. नाण्याच्या बाबतीत असे कोणी काही केल्याचे दिसत नाही. २०१७च्या चांदीवर क्रूगर तोच, हरीण तेच. क्रूगरच्या नावाच्या राष्ट्रीय उद्यानात स्प्रिंगबॉक नैसर्गिकपणे आढळतच नाही. ते पश्चिमेच्या कोरड्या प्रदेशाचे. शिवाय वन्यजीवांचा रक्षणकर्ता ही क्रूगरची ख्याती नंतर रचलेली आहे, हे जेन कॅरुथर्स यांनी १९९४मध्येच साधार दाखविले आहे. माणूस आणि प्राणी एका नाण्यावर आले ते एकमेकांमुळे नव्हे, तर कोणाला तरी ते शेजारी हवे होते म्हणून.

भाषेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट उरते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानाने अकरा राजभाषा मानल्या आणि चलनी नाण्यांवर देशाचे नाव आळीपाळीने त्या भाषांत येऊ लागले. क्रूगररँडवर मात्र, सोन्यावर आणि चांदीवरही, १९६७प्रमाणेच फक्त आफ्रिकान्स व इंग्रजी आहे. खाणीत उतरणाऱ्या अनेकांच्या सोथो, खोसा, त्सोंगा या भाषा त्या देशाच्या चिल्लरीवर वाचावयास मिळतात.