चार्जरविना तीस दिवस

रमजानच्या एका रात्री माझे घड्याळ झोपले आणि त्याच्या भरवशावर आमचे सगळे घरही झोपून राहिले. सहरीसाठी मनगटावर थरथरणारा गजर लावला होता. लहान मुलीची झोप मोडू नये म्हणून फोनचा गजर मुद्दाम बंद ठेवला होता. जाग आली तेव्हा फजरची अजान सुरू झाली होती आणि घड्याळाचा तो सुंदर रंगीत पडदा पाटीसारखा काळा पडला होता. रात्री चार्जिंगला लावायचे राहून गेले, एवढेच झाले होते. त्या दिवशी अम्मीनेही पाण्याच्या घोटाविना रोजा केला. ती काही बोलली नाही, म्हणून जास्तच लागले.

अब्बांकडे एचएमटीचे चावीचे घड्याळ होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 मध्ये बंगळूरला ज्या सरकारी कारखान्याने मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली, त्याच कारखान्याचे. ते रोज त्याला चावी देत. तेव्हा कोणी म्हणेल, रोजची चावी चालत होती, मग रोजच्या चार्जिंगचे एवढे रडगाणे कशाला? फरक आहे. चावी द्यायला अर्धे मिनिट लागायचे, त्यासाठी वायर शोधावी लागत नव्हती आणि वीज गेली तरी अडत नव्हते. मुख्य म्हणजे घड्याळ त्यासाठी तास-दोन तास हातावरून उतरून बसत नव्हते.

घड्याळाने किती कामे करावीत आणि त्या बदल्यात आपण त्याची किती सेवा करावी, हा झगडा मात्र स्मार्टवॉचपेक्षा जुना आहे. 1972 मध्ये अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीने ‘पल्सर’ नावाचे घड्याळ विक्रीला आणले. (आपल्याकडे हे नाव घेतले की मोटारसायकल डोळ्यांपुढे येते, पण हे त्याच्या कितीतरी आधीचे.) काटे नसलेले, आकड्यांत वेळ सांगणारे हे पहिले इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ. 18 कॅरेट सोन्याच्या पेटीत बसवलेले, किंमत 2,100 डॉलर. लाल आकडे अंधारात निखाऱ्यासारखे चमकत. पण चमकत कधी? बटण दाबल्यावर, तेही क्षणभर. हे आकडे उजेड देणाऱ्या एलईडींचे होते आणि ते सतत पेटते ठेवले तर बॅटरी बघता बघता संपली असती. म्हणून एरवी पडदा काळा. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात घड्याळ, तर वेळ कळणारच नाही. बटण दाबायला दुसरा हात मोकळा हवा. इतके पैसे मोजून घेतलेले घड्याळ विचारल्याशिवाय वेळ सांगत नव्हते.

यावरचा तोडगा पुढच्याच वर्षी जपानच्या सेको कंपनीने सहा आकड्यांच्या एलसीडी घड्याळातून बाजारात आणला. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. बाहेरून पडलेला उजेड कुठे अडवायचा आणि कुठे परत पाठवायचा, एवढेच ती ठरवते. मी शिक्षक असल्याने मला हे वर्गातल्या उदाहरणाने पटकन समजते. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे आणि फळाही आहे. वीज गेली की प्रोजेक्टरवरचा धडा पुसला जातो, फळ्यावर खडूने लिहिलेले तसेच राहते. एलईडी म्हणजे प्रोजेक्टर, एलसीडी म्हणजे जवळजवळ फळा. त्या फळ्याने काही वर्षांतच त्या सोन्याच्या निखाऱ्याला बाजारातून घालवले.

या वाटेवरचे सर्वांत प्रसिद्ध घड्याळ म्हणजे कॅसिओचे एफ-91डब्ल्यू. 1989 मध्ये आलेले, 21 ग्रॅम वजनाचे, काळ्या प्लास्टिकचे. गजर, स्टॉपवॉच, तारीख, आणि एका छोट्या गोल बॅटरीवर सुमारे सात वर्षे. ते आजही विकले जाते. गरिबाचे, मजुराचे, विद्यार्थ्याचे घड्याळ. याच घड्याळाने काही माणसांचे नशीबही बिघडवले. ग्वांटानामोच्या कैद्यांविषयीची अमेरिकन लष्कराची कागदपत्रे 2011 मध्ये बाहेर आली. त्यांत हे घड्याळ जवळ असणे ही संशयाची खूण म्हणून नोंदवलेले होते, कारण स्फोटाचा टायमर बनवायला ते वापरले गेले होते. खरे आहे, वापरले गेले होते. पण जगातल्या असंख्य मनगटांवर जे घड्याळ आहे ते एका विशिष्ट नावाच्या माणसाच्या मनगटावर आले की पुरावा होते, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. तिथल्या मुस्लिम धर्मगुरूंच्या हातावरही कॅसिओ आहे, असे एका कैद्याने सुनावणीत सांगितले होते.

आता मूळ मुद्दा, स्मार्टवॉच. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर चालणारी घड्याळे आली. एफएम रेडिओच्या लहरींवरून बातम्या आणि हवामान पकडायची. दर दोन-तीन दिवसांनी चार्ज करावी लागत. ती फारशी चालली नाहीत आणि 2012 च्या पहिल्या दिवशी त्यांची सेवाही बंद झाली.

त्याच वर्षी पेबल आले. एरिक मिगिकोव्हस्की हा कॅनडाचा तरुण शिकण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टला गेला होता. तिथे सगळे सायकलवर. सायकल चालवताना खिशातला फोन काढून कोणाचा निरोप आला ते बघता येत नाही, म्हणून तो निरोप मनगटावर दिसावा, एवढीच त्याची गरज होती. गुंतवणूकदारांनी पुरेसे पैसे दिले नाहीत. मग एप्रिल 2012 मध्ये त्याने किकस्टार्टर या संकेतस्थळावर थेट लोकांकडेच हात पसरला. मागितले होते एक लाख डॉलर, आणि ते सुमारे दोन तासांत जमले. महिनाभराने झोळी आवरली तेव्हा तिच्यात 68,929 लोकांनी मिळून 1 कोटी 2 लाखांहून अधिक डॉलर टाकले होते. ही माणसे अजून न बनलेल्या घड्याळाचे पैसे आधी भरत होती.

आणि घड्याळ कसले? काळा-पांढरा पडदा, 144 गुणिले 168 ठिपक्यांचा. स्पर्श कळत नाही, चार बटणे. कॅमेरा नाही, स्पीकर नाही. पण पडदा कधी विझत नाही, उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो, आणि एका चार्जवर आठवडा काढतो. कंपनी त्याला ई-पेपर म्हणे. खरे तर ती शार्प कंपनीची एक प्रकारची एलसीडीच. तिचा प्रत्येक ठिपका आपली अवस्था स्वतः लक्षात ठेवतो, त्यामुळे चित्र टिकवायला फार थोडी वीज पुरते. म्हणजे परत आमचा फळाच.

यातले सुख वापरल्याशिवाय कळत नाही. तरावीहच्या नमाजात मी हे पाहिले आहे. सफेत दिवे मंद केलेले असतात, इमामांची किरात चाललेली असते, आणि तकबीरसाठी हात वर गेले की चार-पाच मनगटांवर एकदम रंगीबेरंगी उजेड फाकतो. हात हलला म्हणजे मालकाला वेळ बघायची आहे, असे बिचारे घड्याळ समजते. न विचारता वेळ दाखवणाऱ्या पडद्याला असा अंदाज बांधावा लागत नाही.

अॅपलचे घड्याळ एप्रिल 2015 मध्ये आले. त्याची बॅटरी कंपनीच्याच शब्दांत 18 तासांची. त्याच्या थोडे आधी पेबलने रंगीत पडद्याच्या नव्या घड्याळासाठी पुन्हा लोकांकडून 2 कोटी डॉलरहून अधिक जमवले होते. सगळे छान चालले आहे असे वाटत होते. पण कंपनी डगमगली. आपले गिऱ्हाईक कोण, हेच तिला कळेनासे झाले. आज व्यायाम करणारे, उद्या ऑफिसवाले. हा दोष मिगिकोव्हस्कीने पुढे 2022 मध्ये स्वतःच लिहून कबूल केला. डिसेंबर 2016 मध्ये पेबल बंद पडली. तिची मालमत्ता फिटबिटने घेतली आणि ज्यांनी नव्या घड्याळांचे पैसे भरले होते त्यांना ते परत करण्यात आले.

इथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. अब्बांचे एचएमटी बनवणारा कारखाना बंद पडला तरी घड्याळ चालतच राहिले. पेबलचे तसे नव्हते. हवामान, बोलून लिहिणे, नवी अॅप्स, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होते, आणि तो सर्व्हर 30 जून 2018 ला बंद झाला. बॅटरी आठवडाभराची, पण मालकाचा प्राण दुसऱ्याच्या मुठीत. तेव्हा वापरणाऱ्यांनीच ‘रिबल’ नावाने एकत्र येऊन पर्यायी सर्व्हर उभा केला. पगार नाही, कंपनी नाही. बाजाराने मोडीत काढलेले घड्याळ त्यांनी वर्षानुवर्षे चालते ठेवले.

आपल्याकडे पेबल फारसे दिसले नाही. आपल्याला ही चव लावली ती चिनी पट्ट्यांनी. शाओमीचा पहिला मी बँड 2014 मध्ये 79 युआनला निघाला, त्याला पडदाच नव्हता आणि दावा तीस दिवसांचा. पुढे 2018 मध्ये अॅमेझफिट बिप भारतात आले, कायम दिसणाऱ्या पडद्याचे. आमच्या स्टाफरूममध्येही एकाच्या हातावर होते. आम्ही सगळे त्याला हसायचो, पडदा फिका आहे म्हणून. चार्जर मागत फिरायचो मात्र आम्हीच.

फिटबिट पुढे गूगलने घेतली आणि जानेवारी 2025 मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा स्रोत सर्वांसाठी खुला केला. दोनच महिन्यांत मिगिकोव्हस्कीने नव्या घड्याळांची घोषणा केली, आणि काही काळाने पेबल हे नावही त्याला परत मिळाले. पडदा तसाच साधा, बटणे तशीच. बॅटरीचा दावा या वेळी तीस दिवसांचा आहे. दावे पूर्ण उतरतात असे नाही, पण उतरला तर शाबानच्या शेवटच्या संध्याकाळी एकदा चार्ज केले की पुढची पाळी थेट ईदच्या चांदरातीला. मी अम्मीला हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘घे बाबा, पण फोनचा गजर आता बंद करू नकोस.’’