रिकाम्या प्लॉटवर सामूहिक बाग : उज्जैनमधील सभासदांसाठी माहिती

शेजारचा पडीक प्लॉट साफ करून चार घरांनी मिळून भाजी लावावी, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. पण नियम बागेचे नसतात, जमिनीचे असतात. म्हणून जागा कुणाची, हे आधी पाहावे. खसरा पटवाऱ्याकडे किंवा भूलेख पोर्टलवर मिळतो.

जागा नजूल किंवा अन्य सरकारी असेल तर परवानगीशिवाय केलेला ताबा अतिक्रमण ठरतो. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २४८ नुसार तहसीलदार जागा रिकामी करवतात, दंड लावतात आणि मुदतीत न काढलेले उभे पीकही जप्त होऊ शकते. 'घर थोडेच बांधले, झाडेच लावली' हे म्हणणे तिथे चालत नाही.

मंजूर नकाशातील उद्यान सगळ्या कॉलनीचे असते. कॉलनी नगर निगमाकडे हस्तांतरित झाली असेल तर परवानगी निगमाची घ्यावी. मोजक्या घरांनी वाफे आखून फाटकाला कुलूप लावणे आम्हाला गैर वाटते.

खाजगी प्लॉटचा मालक बहुधा इंदूरला नाहीतर पुण्याला असतो आणि कब्जाच्या भीतीने नाही म्हणतो. भीती अगदीच निराधार नाही. परिसीमा अधिनियम, १९६३ प्रमाणे विरोधी ताबा बारा वर्षे टिकला तर मालकाचा हक्क जाऊ शकतो. मात्र मालकाच्या परवानगीने केलेला वापर विरोधी ताबा ठरत नाही. म्हणजे लेखी परवानगी आपल्यापेक्षा त्यालाच जास्त जपते. हे त्याला समजावून सांगितले की बरेचदा गाडी पुढे सरकते.

कागदावर भाडेपट्टा लिहू नये. वर्षाहून जास्त मुदतीच्या पट्ट्याला रजिस्ट्री लागते. फक्त वापराची परवानगी लिहावी. त्यात प्लॉट क्रमांक, चतुःसीमा, मुदत, पाणी कुणाचे, ताबा मालकाचाच राहील हे कबूल, आणि त्याने जागा परत मागितल्यास उभे पीक काढायला किती दिवस, एवढे यावे. प्लॉट बँकेत गहाण असेल तर मालकाने शाखेला कळवलेले बरे. इतक्या वर्षांच्या नोकरीची ही सवय आहे म्हणा.

दुसऱ्याच्या जागेत आंबा, कडुनिंब लावू नका. शहरी हद्दीत झाड तोडायला वृक्ष परिरक्षण अधिनियम, २००१ नुसार परवानगी लागते आणि ते लचांड मालकाच्या गळ्यात पडते. पालक, मेथी, गिलकी पुरे.

क्षिप्रेकाठच्या मेळा क्षेत्रातील जमिनी सिंहस्थात तंबूंसाठी तात्पुरत्या घेतल्या जातात. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, तेव्हा तिथे एका हंगामाचेच पीक घ्यावे आणि परवानगीची मुदतही तेवढीच ठेवावी.