नानासाहेब पेशवे शोकानें निवर्तले काय?

नागोठण्यास मीं एकतीस वर्षें इतिहास शिकविला. पानिपतच्या धड्याच्या शेवटीं मी नेहमीं म्हणत असें कीं, पुत्रशोकानें नानासाहेब पेशव्यांचें हृदय विदीर्ण झालें व त्यांतच ते गेले. मुलें क्षणभर स्तब्ध होत. हें शब्दशः कितपत खरें, असा प्रश्न मला कधीं पडला नाहीं.

तो पडला 2019 सालच्या श्रावणांत. माझें कुटुंब स्वयंपाकघरांत डोकें धरून एकाएकीं कोसळलें. अंबा नदी दुथडी भरलेली. रुग्णालय गांठीपर्यंत रात्र झाली. हृदयाचा विद्युत्-आलेख पाहून डॉक्टरांनीं हृदयविकाराचें निदान केलें व रक्त पातळ करण्याचें औषध मागविलें. इतक्यांत एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं तिची मान ताठ झाल्याचें हेरलें आणि मेंदूचें चित्र काढविलें. मेंदूच्या आवरणाखालीं रक्तस्राव झाला होता ! तें औषध दिलें जातें, तर काय झालें असतें हें बोलवत नाहीं.

मग हृदयाचें काय? मेंदूस अकस्मात् आघात झाला, कीं मज्जातंतूंवाटे व रक्तावाटे अॅड्रिनॅलिन-जातीच्या द्रव्यांचा लोट हृदयावर येतो. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही स्नायु थिजतो, आणि डाव्या कप्प्याचें टोक आकुंचन न पावतां फुगून राहतें. अपस्मारांत, किंवा पायांपासून वर चढणाऱ्या गियाँ-बारे नांवाच्या पक्षाघातांतही हें घडतें. नुसत्या दुःखद वार्तेनेंही घडतें. जपानांतील हिकारु सातो व त्यांचे सहकारी यांनीं 1990 सालीं यास 'ताकोत्सुबो' म्हटलें. अरुंद गळ्याचें, फुगीर तळाचें, ऑक्टोपस पकडण्याचें तें मडकें. रोगी तगला तर कांहीं आठवड्यांत हृदय बहुधा पूर्ववत् होतें. आमच्या घरीं तसेंच झालें.

हें नांव पेशव्यांना चिकटविण्याचा मोह मला झाला. पण तारखा आड येतात. पानिपत 14 जानेवारी 1761 रोजीं झालें. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना त्याच महिन्यांत भेलशास वार्ता कळली : थोरला मुलगा विश्वासराव पडला, चुलत बंधु सदाशिवरावभाऊंचाही ठाव नाहीं. ते पुण्यास परतले व 23 जून रोजीं पर्वतीवर वारले. ताकोत्सुबोचा घाला पडतो तो कांहीं तासांत. तो भेलशासच पडावयास हवा होता. पुढील पांच महिन्यांचें झुरणें, खंगणें ही निराळी गोष्ट. शोकानें अन्न तुटतें, झोंप तुटते, जुनें दुखणें बळावतें. परंतु त्यास हृदय विदीर्ण होणें म्हणतां येणार नाहीं.

गेल्या वर्षीं एका वर्गापुढें बोलतांना मीं जुनें वाक्य गाळलें, आणि भेलसा ते पर्वती हा प्रवास तारखांसह फळ्यावर लिहिला. एका मुलीनें विचारलें, "आणि विश्वासरावांच्या आईचें काय झालें?"

इतक्या वर्षांत हें कोणीं विचारलें नव्हतें. गोपिकाबाईंनीं पुढें 1772 सालीं माधवरावांचा मृत्यु सोसला, 1773 सालीं नारायणरावांचा खून ऐकला. आणि पानिपतानंतर त्या पंचवीस वर्षांहून अधिक जगल्या.